कंट्रोलची बरणी

कंट्रोलची बरणी पुन्हा लाल झाली होती.

अबोलीला नुकतंच पाळण्यात टाकलं होतं. तिच्या ओठांवरून सुटलेला दुधाचा ओघळ माझ्या मनगटावर तसाच होता. तो धुऊन, कोपरापर्यंत साबण लावून, वर स्पिरिट चोळून, केस टोपीत कोंबून मी खोलीत शिरले आणि दारातूनच दिसलं. खिडकीजवळच्या बरणीतले सगळे कोंब बीट धुतलेल्या पाण्यासारखे जांभळट लाल.

खोली म्हणजे आमच्या सांगलीतल्या फ्लॅटची मागची गॅलरी, काचा लावून बंद केलेली. एका बाजूला गाळलेली हवा फेकणारं टेबल, दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइटची मांडणी, मांडणीवर बरण्या. प्रत्येक बरणीत दोन बोटं जेली आणि जेलीत उभे इवलेसे हिरवे कोंब. टिश्यू कल्चर म्हणजे एवढंच: झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ठेवायचा आणि त्याची शेकडो भावंडं वाढवायची. लग्नाआधी जळगावच्या लॅबमध्ये मी केळीचं हेच काम करत होते. या कामाला शत्रू एकच, घाण. डोळ्यांना न दिसणारा बुरशीचा एक कण आत गेला की जेलीवर राखाडी लव उगवते, नाहीतर त्याहून वाईट, शेंबडासारखा पिवळा बुळबुळीत थर. झाकण उघडलं की आंबलेल्या ओल्या चपलेसारखा वास येतो आणि तो जेवतानाही नाकात राहतो.

म्हणून माझ्या खोलीत कुणाला प्रवेश नाही. माझा नवरा निनाद, त्यालाही नाही; अबोलीला तर नाहीच. माझ्या सासूबाई उंबऱ्याबाहेरून बोलतात. "हेमांगी, तुझं सोवळं आमच्या आजेसासूबाईंच्या वरताण आहे बाई," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात. बाळ जेवढं झोपेल तेवढाच माझा कामाचा दिवस, हे आईंना माझ्याआधी कळलं होतं. ती उठली की त्या तिला उचलून पुढच्या खोलीत नेतात आणि काऊ-चिऊ दाखवत मला आणखी थोडा वेळ मिळवून देतात.

काम मला आमच्या एमएस्सीच्या ग्रुपवर आलेल्या जाहिरातीतून मिळालं. 'वनस्पतिशास्त्र झालेल्यांसाठी घरबसल्या करिअर. नवमातांना प्राधान्य.' कंपनीचं नाव पर्णबोध. ती जाहिरात वाचून मी रडले होते हे निनादला अजून माहीत नाही. एमएस्सीला पहिली आलेली मी तेव्हा दिवसभर दुपटी वाळत घालत होते.

पर्णबोधचं झाड खरोखर सुंदर आहे, हे आधी सांगून टाकते.

झाडांना नाक नसतं, पण वास कळतो. गवत कापलं की जो हिरवा वास सुटतो ती गवताची हाक असते. शेजारचं गवत ती ऐकतं आणि आपल्या पानात किड्यांना कडू लागेल असं काहीतरी बनवायला घेतं. वासाचे रेणू पानावरच्या बारीक छिद्रांतून आत जातात आणि पेशीतल्या एका प्रथिनात किल्ली कुलपात बसावी तसे बसतात. कंपनीनं ते कुलूप बदललं. कुलूप उघडलं की पानात बीटाचा रंग तयार व्हायचा, एवढीच पुढची जोडणी. पहिलं झाड निघालं ते स्वयंपाकघरासाठी. गॅस गळला, दूध नासलं, पिठात बुरशी धरली की पान लाल. नाव ठेवलं 'राखण'. मी राखणचे कोंब वाढवून पाठवायचे आणि सांगलीच्या बाजारात कुणाच्या ओट्यावर ते दिसलं की लेकराला शाळेच्या गणवेशात बघितल्यासारखं वाटायचं.

मग सात नंबरची लाइन, म्हणजे झाडाचा नवा वाण, आली. सोबत काचेची सीलबंद कुपी. सूचना सोपी होती: काही बरण्यांशेजारी कुपी उघडा, पानं लाल होतात का बघा. एक बरणी लांब ठेवा, तिला काहीच करू नका. तीच कंट्रोल. ती हिरवी राहिली तरच प्रयोगाला अर्थ. मांडणीवर कंपनीनं बसवलेला कॅमेरा फोटो काढून आपोआप पाठवत राहायचा. कुपीत काय आहे ते सांगितलं नव्हतं. मी हुंगून पाहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. माणसाच्या नाकाला जवळजवळ काहीच नाही. जुन्या किल्ल्यांच्या जुडग्याला येतो तसा किंचित.

आणि कंट्रोल लाल व्हायची. नेहमी नाही. मधेच काही दिवस लाल, मग कितीतरी दिवस शहाण्यासारखी हिरवी.

मला वाटलं, माझीच घाण. बरण्यांना गाळणीची झाकणं असतात, त्यातून बुरशी जात नाही पण हवा जाते. म्हणजे हवेत काहीतरी आहे. मी आईंची अगरबत्ती बंद केली. फोडणीच्या वेळी गॅलरीच्या दाराला ओला टॉवेल लावला. अबोलीची लंगोटी पार गच्चीवर नेऊन धुतली. डोक्याला तेल लावणं सोडलं. ब्लेडनं बोट कापलं गेलं तेव्हा संशय आला, म्हणून ते बोट मुद्दाम बरणीजवळ धरून बसले, पान हिरवंच.

"अगं, दृष्ट काढू का त्या बाटल्यांची?" आईंनी बाहेरून विचारलं.

"काढा," मी म्हणाले. इतकी जेरीस आले होते.

त्या दुपारी कंट्रोल पुन्हा लाल दिसली तेव्हा माझ्या ओटीपोटात कळ येत होती. अबोलीच्या वेळेपासून बंद असलेली पाळी दोन-तीन महिन्यांपूर्वी परत सुरू झाली होती. अंग अजून सवय विसरल्यासारखं दुखायचं. मी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून स्टुलावर बसले आणि त्या लाल कोंबांकडे बघता बघता मागच्या वेळच्या तारखा मोजू लागले.

सात नंबरच्या, अजून हिरव्या असलेल्या तीन बरण्या काढल्या. एक स्वयंपाकघरात आईंच्या शेजारी, एक निनादच्या टेबलावर, एक माझ्या मांडीवर. अबोली उठेपर्यंत मांडीवरची लाल झाली. बाकीच्या दोन्ही हिरव्यागार.

घाण मीच होते.

एवढं वाक्य मनात पूर्ण झालं आणि मग दुसरं आलं. कुपी. मी जी इतक्यांदा नाकाशी नेली ती. रक्ताला येणारा तो लोखंडी वास खरं तर लोखंडाचा नसतोच. लोह कातडीवरच्या तेलाला लागून ते तेल तुटतं, त्याचा असतो. पण कापलेल्या बोटाला हे झाड हललं नव्हतं. गर्भाशयाचं अस्तर सुटताना ते विरघळवणारे पदार्थ वेगळे, त्यातून उडणारे रेणू वेगळे. कुणीतरी ते शोधून काढले होते, कुठल्यातरी बाईचे घेऊन कुपीत भरले होते, आणि माझ्या घरी कुरिअरनं पाठवले होते. मी बेसिनकडे धावले आणि हात धुवायला लागले. मग थांबले. धुतेय काय? रक्ताची किळस कधीच नव्हती मला, बाळंतीण आहे मी. किळस आली ती त्या कुपीच्या बुचाची, त्यावरच्या नीटनेटक्या लेबलाची. तोंडात कुणाचा तरी केस आल्यासारखं झालं. जिभेनं शोधला तरी सापडेना.

कंपनीकडून माझं काम बघणारे दातीर सर म्हणून आहेत. त्यांना फोन लावला. आवाज नेहमीसारखा, सायीसारखा मऊ.

"सर, कंट्रोलमध्ये प्रॉब्लेम आहे. लाल होतेय."

"हो हो, बघतोय ना आम्ही. छान होतेय."

"कंट्रोल लाल होतेय, सर."

"मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. ते कंटामिनेशन नाही. लाइन चालतेय त्याचा पुरावा आहे तो. उलट मागच्या खेपेला तुमचं जरा पुढं गेलं ना, तेव्हा आमची टीम घाबरली. म्हटलं, लाइन मेली की काय! मग लाल दिसलं आणि इथं सगळ्यांनी पेढे खाल्ले."

ते बोलत राहिले. कुपीतला वास शिळा असतो म्हणाले, झाड त्यावर पक्कं होत नाही. खरी पारख जिवंत माणसाशेजारी होते. मी दर वेळी सगळ्यात लाल झालेले कोंब पुढं वाढवत होते ना? त्यामुळंच तर लाइन इतकी तयार झाली.

"जाहिरातीत नवमातांना प्राधान्य का होतं?" मी विचारलं.

"तुम्ही लोक घरात असता ना, मॅडम. लॅबमधल्या मुली येतात, जातात. घरात कसं, सलग. आणि बाळंतपणानंतर परत सुरू होतं तेव्हा तर..." ते थांबले. आपण फार बोललो असं वाटलं असावं. "माझी सख्खी बहीणपण आपल्याकडे करते हे काम. यात लाजण्यासारखं काही नाही."

"आणि हे झाड घेणार कोण?"

"आरोग्यासाठी आहे. वेळेवर कळतं. आता लोक देवघरात ठेवतात, मंगल कार्यालयवाले मागतात, मुलींची वसतिगृहं आहेत. आपण फक्त माहिती देतो, मॅडम. आधी म्हणायचे, हिची सावली पडली की तुळस सुकते. ती अंधश्रद्धा होती. हे सायन्स आहे. दोन लॉट बाजारात गेलेत आणि रिस्पॉन्स बघाल तर! तुमचा पुढच्या शनिवारचा लॉट तेवढा वेळेवर द्या."

निनाद संध्याकाळी आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो बँकेत आहे. कुठलीही गोष्ट आधी शांतपणे ऐकतो आणि मग तिच्यातलं माझं चुकलेलं शोधतो.

"वाईट आहेच," तो म्हणाला. "पण फोनमधल्या त्या अ‍ॅपमध्ये तूच तारखा भरतेस ना? तेही कुणीतरी बघतंच."

"ते मी भरते, निनाद. मी."

"बरं. मग हे सोडून काय करणार आहेस? घरात बसून चिडचिड? लॉट दे, मग दुसरं बघू. एवढी खोली बांधलीस, एवढी शिकलीस."

शेवटचं तो प्रेमानं म्हणाला, हेच अवघड होतं. ती खोली गेली की मी परत दुपट्यांपाशी. मांडणीवर शनिवारचा लॉट उभा होता, निरोगी, टवटवीत. इतके चांगले कोंब मी जन्मात वाढवले नव्हते. देऊ की नको, यात आठवडा गेला. अबोलीला पाजताना तिच्या टाळूला नाक लावून बसायची मी, तिथला तो कोमट, गोडसर वास घेत, आणि एकदम मनात यायचं, याचंही कुलूप कुणीतरी करेल. दूध पिता पिता ती माझ्याकडे बघून हसायची.

मंगळवारी मिरजेला नणंदेकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. रोहिणीताईंचं घर मोठं, माणसं हौशी. हॉलमध्ये पायऱ्यापायऱ्यांची आरास, वर पाळण्यात गौर, खाली कलिंगडाची कमळं, करंज्या, भिजवलेले हरभरे. सगळ्या बायकाच. ताईंची मुलगी गार्गी, सहावीतली, परकर-पोलकं घालून पन्ह्याचे ग्लास फिरवत होती. मला बघून ट्रे तसाच हातात घेऊन धावत आली.

"मामी, अबोलीला दे ना माझ्याकडं!"

"आधी ट्रे ठेव, बाई."

"पोटात कसंतरीच होतंय सकाळपासून. आई म्हणते, चोरून डाळ खाल्लीस. मी थोडीशीच खाल्लेली."

"किती थोडीशी?"

"दोन वाट्या." ती हसली आणि परत आरासीकडे पळाली.

तेव्हा मला ते दिसलं. गौरीच्या उजव्या हाताला, पितळी कुंडीत. बुंध्याशी तिरका काप होता. या कामातल्या बाकीच्या मुली आडवा कापतात; तिरका मी जळगावला शिकले. माझ्या हातचं झाड. आणि आरासीकडची त्याची पानं जांभळी व्हायला लागली होती.

रोहिणीताईंच्या सासूबाईंना सगळे माई म्हणतात. त्यांचंही लक्ष तेव्हाच गेलं.

"रोहिणी! झाड बघ. झाड बघ गं!"

"अगंबाई. सकाळी तर हिरवं होतं."

"कोण आहे?" माईंनी हॉलभर नजर फिरवली. "कुणी का असेना, सांगून टाका. गौर बसलीय समोर."

मग एक शेजारीण म्हणाली, "मी नाही हो माई, आमचा कारखाना बंद होऊन जमाना झाला!" दोघीतिघी फिसकन हसल्या.

"हसायला काय झालं? झाड खोटं बोलत नाही. आमच्या भाचीकडं मुंजीत असंच सापडलं. एकेक जण पुढं या बघू. जवळ गेलं की गडद होतं म्हणे."

आणि बायका उठल्या. याचीच मला अजून किळस येते. कुणी नाही म्हटलं नाही. शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, केसांत मोगरा माळलेल्या बायका पदर सावरत रांगेला लागल्या. प्रत्येकीला आपण स्वच्छ आहोत हे दाखवायची घाई. एक जण झाडापुढं जाऊन वाकली आणि पान बदललं नाही तशी खुशीत वळली, परीक्षेला पास झाल्यासारखी. गार्गी आरासीशेजारी भिंतीला टेकून उभी होती. हे कशाबद्दल चाललंय ते तिला नीट कळत नव्हतं. तिनं एक हात पोटावर धरला होता आणि तिच्या बाजूचं पान सगळ्यात काळपट होतं.

तिला माहीत नव्हतं. तिच्या आईला नव्हतं. झाडाला होतं.

"माई," मी उठून म्हणाले, "मी आहे."

सगळ्या माना वळल्या. आईंचीही. त्यांच्या मांडीवर अबोली होती. माझी पाळी आठवड्यापूर्वी येऊन गेली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गरम पाण्याची पिशवी त्यांनीच भरून दिली होती. त्यांचा चेहरा उतरला.

"आणि तशीच आलीस? गौरीला हळदकुंकू वाहिलंस?" माई म्हणाल्या. "एवढी शिकलेली तू! जा, मागच्या खोलीत बैस. कशाला शिवू नकोस."

"जाते. गार्गीला तेवढी पाठवा माझ्यासोबत. बाळाची पिशवी तिच्याकडं आहे."

मागच्या खोलीत दार लावून मी गार्गीला सगळं सांगितलं, हळूहळू. न्हाणीघरात पाठवलं, माझ्या पिशवीतलं पॅड दिलं, दाराबाहेरून कसं लावायचं ते सांगत उभी राहिले. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा होता. तिला माझ्यापुढं बसवून मी तिची सुटलेली वेणी परत घालायला घेतली. केस अजून लहान मुलीचे, कानामागं मऊ लव.

"दुखतंय?"

"थोडं." मग मान न वळवता, "मामी, तू खोटं बोललीस ना बाहेर?"

"हो."

"पण त्या झाडाला कसं कळलं? मला कळायच्या आधी?"

वेणीचे पेड माझ्या हातात होते. सांगायचं नाही असं ठरवता आलं असतं. पण बाहेर त्या बायका होत्या, आत ही, आणि हिच्याशी तरी खरं बोलावं असं वाटलं. मी सांगितलं. कुलूप, किल्ली, बीटाचा रंग. ते झाड माझ्या गॅलरीत वाढलंय, माझ्या शेजारी शिकलंय.

"म्हणजे तुझ्या वासाचं झाड केलंय त्यांनी?"

"हो."

"आणि माझापण तोच वास?"

"आपल्या सगळ्यांचाच, बाळा."

ती अंग आक्रसून पुढं सरकली आणि वेणी माझ्या हातातून सोडवून घेतली.

"शी, मामी."

तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली आणि अर्धी घातलेली वेणी स्वतःच उलगडत बसली. मी जवळ गेले नाही. मला जायचं होतं.

परतताना रिक्षात आई मधलं अंतर ठेवून बसल्या होत्या. अबोली माझ्या मांडीवर झोपलेली. वानलेसवाडी ओलांडल्यावर त्या रस्त्याकडं बघत बोलल्या.

"खोटं बोललीस. गौरीपुढं."

"हो, आई."

"लेकीच्या सासरी माझी मान खाली गेली."

"हो."

"गार्गी होती ना?"

मी मान हलवली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग तो काढला, आणि एकदम माझ्याकडं वळल्या. "ते झाड तुझ्याकडचं?"

मग मी त्यांनाही सांगितलं. दातीर सर, कॅमेरा, पेढे. रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होते, पण आईंचा आवाज चढला.

"म्हणजे त्या मेल्याला तुझं सगळं माहीत?"

"तारखेसकट."

"आणि माझं बंद झालंय ते?"

मी विचार केला. स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी ठेवलेली ती हिरवी बरणी नंतर मी 'आई' अशी चिठ्ठी लावून मांडणीवर, कॅमेऱ्यासमोरच ठेवली होती. "तेही कळलं असेल."

आईंनी भर उन्हाळ्यात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, जणू दातीर सर समोरच्या सीटवर बसले होते. "मी तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात सुपारी कातरत बसत होते," त्या म्हणाल्या. "पाय मोकळे सोडून."

घरी येऊन मी कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी अबोली झोपल्यावर कामाला लागले. बिघडलेली बरणी कधी कच्ची उघडायची नसते. आधी प्रेशर कुकरमध्ये शिजवून मारायची, मग फेकायची. मी शनिवारचा लॉट शिजवला. हिरवे, निरोगी, एक डाग नसलेले कोंब, थरावर थर. ज्यांच्यापासून सगळी लाइन वाढते त्या मूळ बरण्याही. शिट्ट्या झाल्या आणि घरभर वास पसरला, उकडलेलं बीट, शिळा पालक आणि खाली कुठंतरी तो जुन्या किल्ल्यांचा जुडगा. आई पदर नाकाला लावून आल्या आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत शिरल्या. बरण्यांतला जांभळा रबरबीत लगदा बघून त्यांनी तोंड फिरवलं. तरी दुसरा कुकर त्यांनीच लावला. "उरलेल्या दे इकडं," एवढंच म्हणाल्या.

मग दातीर सरांचा फोन.

"मॅडम, कॅमेरा दिसत नाहीये."

"लॉट मारला मी. मूळ लाइनसकट."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "ठीक आहे. तुमचा निर्णय. तुमच्या लाइनचे कोंब बाकीच्या घरांतून आहेतच. कालच तुमच्या कॉलेजच्या एका मॅडमनी अर्ज केलाय. त्यांचंही बाळ लहान आहे."

"त्यांचं नाव काय?"

"ते कसं सांगणार, मॅडम? गोपनीय असतं."

फोन ठेवला आणि अंगावर झुरळ चढल्यासारखी शिरशिरी आली. रोहिणीताईंना फोन केला. गार्गी बोलायला आली नाही. झोपलीय म्हणाल्या, पण मागं तिचा आवाज ऐकू येत होता.

मी अबोलीला मांडीवर घेऊन आमच्या एमएस्सीचा ग्रुप उघडला, तोच, जिथं ती जाहिरात आली होती. सत्तरेक माणसं. मला पेशीविभाजन शिकवलेले सर त्यात आहेत, प्रॅक्टिकलला माझ्या शेजारी बसणारी मुलं आहेत, जळगावच्या मैत्रिणी आहेत. एरवी तिथं वाढदिवसांना केक आणि सेमिनारच्या सूचना येतात. मी लिहिलं की पर्णबोधची सात नंबरची लाइन कुणी घरी वाढवत असेल तर तिनं वाचावं. कंट्रोल लाल होतेय कारण आपली पाळी सुरू आहे. माझी तारीख त्यांच्या ऑफिसात पेढे खायला वापरली गेली. ते झाड मी स्वतः माझ्या अंगावर वाढवलं आणि ते माझ्या भाचीला तिच्याआधी ओळखून मोकळं झालं. हे सगळं लिहिताना अबोली माझं नाक ओढत होती. एकदाही परत न वाचता पाठवलं.

पहिल्यांदा काहीच आलं नाही. ज्यांनी वाचलं त्यांची नावं वाढत गेली. सरांनीही वाचलं. कुणीतरी ग्रुप सोडला. माझे कान तापले आणि वाटलं, मागं घ्यावं, अजून घेता येतं. अबोलीनं फोन तोंडात घातला. मी तो तिच्या लाळेतून सोडवून पुसला.

पाटणच्या एका मुलीचं उत्तर आलेलं होतं, जिच्याशी मी कॉलेजात दोन वाक्यंही बोलले नसेन. "माझ्याकडंपण होते लाल. सहा महिने झाले." खाली चोपड्याची एक मैत्रीण: "माझ्याकडं पण." मग लातूरहून, मग मालवणहून, एकामागून एक, सगळ्या घरात बसलेल्या, सगळ्या आपापल्या गॅलरीत एकट्या.

मग पाटणचीच ती परत लिहायला लागली. लिहिते आहे, थांबते आहे, परत लिहिते आहे, असं बराच वेळ दिसत राहिलं.

"मला वाटलं, माझंच काम घाण," शेवटी तिनं लिहिलं. "मी रोज फिनेलनं फरशी पुसत होते गं."